काचेचा तंबाखू

पावसात मोटर कशी चालवावी, हे मला आजवर कोणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नाही. मी चौथी शिकलेली बाई, स्टिअरिंगला कधी हात लावलेला नाही. पण आमच्या घरची पहिली मोटर भर पावसात नीट कोणी चालवली असेल, तर ती मी. मागच्या सीटवर बसून, तोंडावर पदर घेऊन. नातू हे ऐकून हसतो. हसू दे. त्याच्या गाडीत काच आपोआप पुसली जाते, आत गार हवा येते, तरी मागच्या पावसाळ्यात त्याने ती रस्त्यामधल्या दुभाजकावर चढवलीच. आमची मोटर एकदा म्हशीला लागली, पण ती म्हैस तिथे आधीपासून उभी होती.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, त्यानंतरची ही गोष्ट. माझं सासर कामठ्याच्या पुढे आडरानात आणि माहेर तिरोड्याच्या अलीकडे, एका नाल्यापलीकडे. दोन्हीकडे धानाची शेती, दोन्हीकडे चिखल. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. नवरा त्या वेळी नागपुरात राहून परीक्षेत नापास होत होता, म्हणून तो या गोष्टीत नाही. घराचे कर्ते होते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ.

मोटर घेतली ती भासऱ्यांनीच. तेंदूपानाच्या एका ठेकेदाराने ती गोंदियात विकायला काढली होती. तिचा रंग कोणता ते सांगता येणार नाही, कारण तो जागोजागी वेगळा होता. भासरे ती चालवायला शिकले उन्हाळ्यात, धान निघून गेलेल्या कोरड्या पडीत. तिथे वळायला जागाच जागा आणि आडवं यायला कोणी नाही. त्यामुळे मोटर चालवणं फार सोपं आहे अशी त्यांची समजूत झाली. जन्मभर बैल हाकलेला माणूस. मोटर थांबवायची असली की पायाने ब्रेक दाबायचे ते दाबायचेच, पण अंग मागे टाकून दोन्ही हातांनी चाक छातीशी ओढायचे आणि म्हणायचे, "हो हो हो." सुरू करताना जीभ टाळूला लावून टक-टक आवाज काढायचे. मोटर तेवढ्याने चालत असती तर पेट्रोल वाचलं असतं.

आता भासऱ्याचा रिवाज सांगते, नाही तर पुढचं कळणार नाही. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याशी बोलायचं नाही. त्याच्यासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, त्याच्या खाटेवर बसायचं नाही, अंगणात तो आडवा आला तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. काही सांगायचं असेल तर सासूला सांगायचं, सासू त्याला सांगेल. सासू घरात नसेल तर भिंतीकडे पाहून बोलायचं. "जेवण वाढलं आहे," असं मी भिंतीला म्हटलं की भासरे येऊन पाटावर बसत. "भाजीत मीठ नाही," असं ते खांबाला सांगत. आमच्या घरातल्या भिंतींना आणि खांबांना घरातल्या माणसांपेक्षा जास्त माहिती होती.

दुसरा रिवाज आखाडाचा. लग्न झाल्यावरच्या पहिल्या आखाडात नवी सून आणि सासू एका छपराखाली राहत नाहीत. एकमेकींचं तोंडही पाहायचं नसतं. म्हणून आखाड लागण्याआधी सुनेला माहेरी पोचवतात आणि महिना सरला की आणतात. यामागचं कारण कोणी सांगत नाही. मला कारण नकोच होतं. लग्नाला चार महिने झाले होते. चार महिने पहाटे उठून शेण, पाणी, दळण, आणि सासूचं "हे असं नाही, तसं" ऐकून माझे कान किटले होते. सासूशिवायचा एक महिना, आईच्या हातचं खाणं आणि दुपारची झोप. मला त्या वर्षी दुसरं काही नको होतं.

त्या वर्षी अधिक महिना येऊन गेला होता. त्यामुळे आखाड उशिरा लागत होता आणि तोवर पाऊस चांगला बसला होता. जेठाच्या अमावास्येपर्यंत सासूने मला हलू दिलं नाही, कारण पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खणायला बायका लागल्या होत्या आणि त्यांच्या मागे उभं राहायला कोणीतरी हवं होतं. मग अमावास्येच्या सकाळी तिला आखाड आठवला.

"बाबू," ती भासऱ्यांना म्हणाली, "आज इले पोचव. उद्या आखाड लागते. इचं तोंड दिसलं तं मले गोठ्यात झोपा लागन."

"रेल्वेनं जाते तं?" भासरे म्हणाले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि त्यांच्या तोंडावर ते दिसत होतं.

"दारात मोटर उभी अन् सून रेल्वेनं? इच्या माहेरचे काय म्हणतीन? कोंबड्या झाकाले घेतली का मोटर?"

भासरे उठून मोटरीकडे गेले, कारण त्या आठवड्यात मोटरीत खरोखरच एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

भासरे मूर्ख नव्हते, हे मी सांगून ठेवते. पावसात मोटर काढायची तर काय करावं, हे त्यांनी गोंदियाला एका ट्रकवाल्याला विचारून ठेवलं होतं. ते त्यांनी ओसरीवर बसून, खांबाला उद्देशून, मोठ्याने म्हणून दाखवलं. म्हणजे मलाही ऐकू यावं. पहिलं, काचेवर बिडीचा तंबाखू ओला करून चोळायचा. त्याने पाण्याचे थेंब काचेवर न थांबता ओघळून जातात आणि समोरचं दिसतं. दुसरं, ब्रेकवर लाथ मारायची नाही, त्याला चुचकारायचं. ट्रकवाल्याचे शब्द असे होते, "सेठ, बारिश में ब्रेक को पुचकारना, मारना नहीं." तिसरं, पाण्यातून मोटर बाहेर आली की ब्रेक लागत नाही, तो हलका हलका दाबून वाळवावा लागतो. आणि चौथं, वाहत्या पाण्यात मोटर घालण्याआधी माणूस पुढे चालवायचा. त्याच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं तर मागे फिरायचं.

सगळं बरोबर होतं. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. चूक फक्त एक झाली. तंबाखूची चंची भासऱ्यांनी आपल्या आईच्या हातात दिली.

आम्ही बसलो ते असे. चाकावर भासरे. त्यांच्या शेजारी सासू, मांडीवर चंची. मागे मी, माझी पेटी, पापडांचा डबा आणि पाणी भरायचा एक पितळी गुंड. टपावर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, भारा बांधला होता, चाक रुतलं तर खाली घालायला. मोटरीला दोन वायपर होते, पण चालत होता एकच, आणि तो सासूच्या बाजूचा. भासऱ्यांच्या समोरच्या काचेवर पाण्याची चादर. त्यांच्या दाराची काच वर जाम झालेली, ठेकेदाराच्या काळापासून. म्हणजे डोकं बाहेर काढून पाहायची सोय नाही. सासूच्या समोरची काच मात्र लख्ख पुसली जात होती आणि सासूने देवाचं नाव घेऊन डोळे मिटले होते. त्या लख्ख काचेतून रस्ता पाहत होती फक्त मी, दोन सीटांच्या मधून, पदराच्या फटीतून.

सुरुवातीला बरं चाललं. भासरे मधे मधे थांबत, उतरून काचेवर तंबाखू चोळत आणि पुन्हा बसत. थोडा वेळ त्यांना दिसे. त्या वेळात आमची मोटर बैलगाडीच्या पुढेही गेली. पण सासूला तंबाखू खायची सवय होती आणि पुढ्यात उघडी चंची. देवाचं नाव घेता घेता तिने एक चिमूट तोंडात टाकली. मग दुसरी.

पहिला प्रसंग म्हशीचा. रस्त्यावर पाणी साचलं होतं, त्यातून आमची मोटर बाहेर आली आणि पुढे मला म्हैस दिसली. आडवी.

"आत्याबाई, समोर म्हैस आहे, सांगा," मी म्हटलं.

सासूचं तोंड भरलेलं. तिने माझ्याकडे वळून "हूं?" केलं.

"म्हैस!"

तिने हाताने थांब म्हणून खूण केली. खिडकीकडे वळली, बाहेर पिंक टाकली, तोंड पदराने पुसलं, आणि मुलाला म्हणाली, "बाबू, म्हस हाये म्हणते."

"कोठं?" असं म्हणून भासऱ्यांनी चाक छातीशी ओढलं आणि ब्रेक दाबला. ब्रेक ओला होता. तो वाळवायचा राहिला होता. मोटर हळूच पुढे गेली आणि म्हशीच्या मांडीला टेकून थांबली. म्हशीने मागे वळून पाहिलं. तिला बहुतेक वाटलं की रेडकू आहे.

"आता सांगून राहिली?" भासरे आईला म्हणाले.

"तोंडात होता ना!"

"तो काचेचा तंबाखू आहे, माय!"

"काचेले कायले लागते एवढा? तुह्या काचेले दात हायेत का?"

यावर मी पदरात हसले. सासू पाठमोरी होती, तरी तिला ते कळलं. "मागं खोकला झाला वाटते," ती म्हणाली.

गोंदिया ओलांडलं. तिरोड्याच्या वाटेला एका गावाजवळ रस्ता डावीकडे वळतो आणि समोर धानाच्या बांध्या आहेत. चारी बाजूंनी मातीचे धुरे आणि मधे पाणी. मला वळण लांबूनच दिसलं. या वेळी मी आधीच सांगायला घेतलं.

"आत्याबाई, पुढे रस्ता डावीकडे वळतो, सांगा. आत्ताच सांगा."

पुन्हा तेच. थांब, पिंक, पदर. "बाबू, डावीकडं..." एवढं ती म्हणाली तोवर रस्ता डावीकडे गेला होता आणि आम्ही सरळ गेलो होतो. मोटर धुऱ्यावरून उडी मारून बांधीत उतरली, चिखलात दोन वेढे फिरली आणि जिकडून आली तिकडे तोंड करून बसली.

बांधीत बायका रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करत होत्या. कामट्या आणि पळसाच्या पानांची छपरं पाठीवर बांधून ओळीने वाकलेल्या. सगळ्या सरळ उभ्या राहिल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "पाटील, बैल इकले का जी?"

दुसरी म्हणाली, "चिखलणी झाली इथची. तिकडच्या बांधीत घाला आता."

"किती घेता जी एका बांधीचे?"

"नवरी हाये वो आत! नवरीले घेऊन चिखलणी करून राहिले!"

सासूने काच खाली करून त्यांना उत्तर दिलं असतं, पण तोंड भरलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला गप्प बसून ऐकताना पाहिलं.

भासऱ्यांनी टपावरचं तणस काढलं आणि चाकांमागे पसरलं. मग जवळच्या शेतकऱ्याची बैलजोडी आणली आणि दोर बांधला. बैलांनी ओढण्याआधी मान वळवली आणि तणस पाहिलं. दिवसभर चिखलात राबलेले बैल ते. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी सगळं खाऊन टाकलं, मग मोटर ओढली. बायकांनी मागून ढकललं. मी आत बसून होते, कारण उतरायचं तर भासऱ्यांसमोर लुगडं वर धरावं लागलं असतं. मोटर रस्त्यावर आली तेव्हा त्या म्हातारीने मला खिडकीतून सांगितलं, "पोरी, पुढच्या खेपेले बैलगाडीनं जाजो."

तिरोड्याच्या बाजूला आम्ही वळलो तेव्हा दुपार कलली होती. माझं सगळं लक्ष आता नाल्याकडे होतं. नाला ओलांडला की अर्ध्या कोसावर आईचं घर. नाला ओलांडता आला नाही तर परत. परत म्हणजे उद्या आखाड, सासू गोठ्यात किंवा मी शेजाऱ्यांच्या पडवीत, आणि त्या पडवीतूनही काम करायचं आमच्याच घरचं. हे तिने मला आधीच सुनावलं होतं. भिंतीआडून काम सांगायची सोय या रिवाजात होती, हे मी विसरले नव्हते.

नाल्यावर तेव्हा पूल नव्हता, दगडी रपटा होता. रपटा म्हणजे पाण्याच्या पातळीला टेकलेला फरशीचा रस्ता. पाऊस वाढला की पाणी वरून वाहतं. त्या दिवशी वाहत होतं. गढूळ, पण फार खोल वाटत नव्हतं. पलीकडच्या काठावर मला एक बैलगाडी आणि तिच्याजवळ छत्री घेऊन उभे असलेले माझे बाप दिसले. अमावास्या म्हणजे शेवटचा दिवस, म्हणून ते वाट पाहत होते.

भासऱ्यांनी मोटर थांबवली आणि आईपुढे हात केला. "तंबाखू दे. काच चोळतो, मग जाऊ."

सासूने चंची उलटी केली. तीतून एक चुन्याची डबी पडली.

भासऱ्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवले आणि काचेकडे पाहत बसले, जिच्यातून काहीच दिसत नव्हतं.

"पुढं मानूस चालवा लागते," ते शेवटी म्हणाले. "मी उतरतो तं मोटर कोन हाकन?"

मी मागे हललेसुद्धा नाही. भासऱ्यांसमोर लुगडं गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात चालायचं, ही गोष्ट मी केली असती तर आखाडच काय, बाराही महिने मला माहेरीच राहावं लागलं असतं. खरं सांगते, क्षणभर हा विचार वाईट वाटला नाही.

"मीच जातो," सासू म्हणाली. आमच्याकडे जुन्या बायका 'जातो' असंच म्हणत. "मी खाल्ला तंबाखू, मीच जातो. पाहून ये मागं माह्या. छत्री वर केली का थांबजो."

ती उतरली, लुगडं खोचलं, छत्री उघडली आणि पाण्यात शिरली. पाणी तिच्या घोट्यावर, मग पोटरीवर. टक-टक करून भासऱ्यांनी मोटर तिच्या मागे सोडली.

आणि मग मला कळलं की काय झालं आहे. सासू बाहेर होती. मोटरीत मी आणि भासरे, दोघंच. सासू दिसत होती फक्त मला, तिच्या बाजूच्या पुसलेल्या काचेतून. भासऱ्यांसमोर पाण्याची चादर. मधे निरोप सांगायला कोणी नाही, आणि मोटरीत भिंतही नाही.

सासू मध्यावर गेली आणि एकदम तिचा एक पाय मांडीपर्यंत खाली गेला. रपट्याचा दगड वाहून गेला होता. तिने छत्री वर केली. मोटर चालतच होती.

मी समोरच्या सीटच्या पाठीला धरलं आणि ओरडले, "अगे गाडी! थांब! आत्याबाई समोर आहेत!"

भासरे दचकले. पण घरात जन्मभर भिंतीचं ऐकलेला माणूस. लगेच अंग मागे टाकलं, "हो हो हो." पाय ब्रेकवर. ब्रेक ओला. मोटर पुढेच.

"आंधळे, ब्रेक पुचकार! हळू हळू दाब! दाब, सोड, दाब! मर मेले, आत्याबाई मरतील!"

भासऱ्यांनी पाय हलका केला. दाबला, सोडला, दाबला. तिसऱ्या-चौथ्या वेळी ब्रेक धरला. मोटर थांबली तेव्हा तिचं नाक सासूच्या छत्रीला लागलं होतं आणि छत्री उलटी झाली होती.

भासऱ्यांनी मागे न पाहता, चाकाकडे तोंड करून विचारलं, "गाडे, तिले विचार, आता काय करा?"

"गाडी," मी म्हटलं, "तू पुढे सरकू नको. पुढे खड्डा आहे. सरळ मागे जा. उजवीकडे काठ आहे, तिकडे जाऊ नको."

"बरं म्हण तिले," भासरे मोटरीला म्हणाले, आणि मोटर मागे गेली. मी मागच्या काचेतून पाहत होते आणि सांगत होते. थोडं डावीकडे, गाडी. पुरे, गाडी. अशी नीट मोटर त्यांनी कोरड्या पडीतही चालवली नव्हती.

तेवढ्यात माझे बाप पाण्यात उतरून सासूपाशी पोचले होते. तिला खड्ड्यातून ओढत ते म्हणत होते, "राम राम, विहीणबाई! घरी सगळे बरे?" सासू एका पायावर उभी राहून म्हणाली, "बरे हायेत." मग लंगडत मोटरीपाशी आली. तोंड पाण्याने आणि रागाने लाल.

"कोन ओरडलं?"

मी पदर आणखी खाली ओढला. भासरे काचेकडे पाहत म्हणाले, "हॉर्न वाजवला."

"हॉर्न?" सासू म्हणाली. "हॉर्न 'मर मेले' म्हणते का रे?"

"जुना आहे," भासरे म्हणाले.

सासूने माझ्याकडे पाहिलं. मी मोटरीकडे पाहिलं. मग ती वाकून आपला दुखरा पाय चोळू लागली.

मोटर काही पलीकडे जाणार नव्हती. मग ठरलं की मी कडेकडेने पायी पार व्हायचं. बापाने पेटी डोक्यावर घेतली, भासऱ्यांनी रिवाजाप्रमाणे तोंड दुसरीकडे केलं आणि मी लुगडं धरून निघाले. सासू माझा हात धरून आली, पलीकडच्या काठापर्यंत सोपवायला. काठावर आल्यावर बापाने आग्रह केला. विहीण दारापर्यंत येऊन चहा न घेता गेली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, वगैरे. सासू भिजली होती, कुडकुडत होती आणि तोंडात तंबाखू नव्हता.

"एक कप," ती म्हणाली. "अन् लगेच परत. बाबू, उभा राहाजो!"

भासऱ्यांनी हॉर्न वाजवला. तो साधा पोंपों वाजला. सासूने पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

आईने चहा केला. चहाबरोबर पोहे केले. कोरडं लुगडं दिलं. सासूच्या पायाला हळद-तेल लावलं. आणि वर कुठेतरी, आम्हाला न विचारता, मोठा पाऊस पडला. आम्ही परत काठावर आलो तेव्हा रपटा दिसत नव्हता. फक्त लालभडक पाणी, झाडाच्या फांद्या आणि त्यापलीकडे आमची मोटर, लहानशी.

भासरे बाहेर उभे होते. सासूने हाक मारली, पण तिचा आवाज पाण्यात बुडाला. तिने मला कोपराने ढोसलं. "तुहा तं आवाज मोठा हाये. ओरड."

"मी कशी ओरडू, आत्याबाई? भासरे आहेत."

"हॉर्नले सांग," सासू म्हणाली.

मग मी छातीभर श्वास घेतला आणि नाल्यापलीकडे ओरडले, "गाडी! परत जा! तिरोड्याला थांब! पाणी वाढून राहिलं! पाण्यातून निघालीस की ब्रेक वाळव!"

भासऱ्यांनी मोटरीच्या टपावर थाप मारली, म्हणजे तिने ऐकलं. मोटर वळली, वळणावर हळू झाली, ब्रेक दोनदा लागला आणि सुटला, आणि झाडांआड गेली. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. मग मी मागे वळून पाहिलं. सासू माझ्या बापाच्या बैलगाडीत चढत होती.

दुसऱ्या दिवशी आखाड लागला. नाला उतरला नाही. त्यानंतर झड लागली, आणि सासूचा पाय सुजला तो वेगळाच. आईच्या घरात दोनच खोल्या. एक सासूला दिली, दार लोटलं, आणि माझी दुपारची झोप त्या खोलीतल्या खाटेबरोबर गेली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, हे खरं. छपराचा नाही, पण तोंडाचा रिवाज नीट पाळला गेला. पण आवाजाला रिवाज नव्हता. पहाटे दाराआडून आवाज येई, "या घरात शेण कोनी काढते का नाही, वो भिंती?" दुपारी येई, "खांबा, वरणात हिंग जास्त झाला." माझी आई हसून लोळायची. मी नाही हसले. मी सुटीवर आले होते.

एके दिवशी संध्याकाळी, पाऊस चालूच होता, दाराआडून आवाज आला. आधी खोकला. मग म्हणाली, "घरात कोनी असन तं आयका. चिमूटभर तंबाखू पायजे."

मी चुलीपुढे होते. बापाची भरलेली चंची माझ्या डोक्यावर खुंटीला लोंबत होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड केलं.

"भिंती," मी म्हटलं, "तंबाखू आहे. पण तो काचेचा आहे, म्हणावं."

दाराआड ती हसली. मी चार महिन्यांत तिला हसताना ऐकलं नव्हतं. मी चंची काढली आणि दाराच्या फटीतून आत सरकवली. फटीतून एक हात आला, चंची घेतली, आणि दार पुन्हा लागलं.